भेव लागते ते साळ्याले

‘मले? नाई बा! माह्या साळ्याले होते तसं,’ सुधाकरराव म्हणाले आणि गुळाच्या भेलीवरची माशी हाकलली.

मी कागदावर शून्य लिहिलं. सतरावं शून्य. तळेगावच्या बाजारातल्या त्यांच्या किराणा दुकानात मी स्टुलावर बसलो होतो, गुडघ्यावर क्लिपबोर्ड होता, आणि समोरचा पन्नाशीचा धडधाकट माणूस मला त्याच्या साळ्याबद्दल सांगत होता. साळा म्हणजे बायकोचा भाऊ. आमच्या वर्धा जिल्ह्यात घरात जे काही वाकडं होतं ते साळ्यानं केलेलं असतं. मोटारसायकल त्यानं ठोकलेली असते, लग्नात जेवण त्याच्यामुळे कमी पडलेलं असतं. तेव्हा भीतीही त्यालाच वाटत असणार, याचं मला काही नवल वाटलं नाही. वाटायला हवं होतं. माझ्या आधीच्या सोळा कागदांवरही कुणा ना कुणाचा साळाच घाबरलेला होता.

काम काय होतं ते आधी सांगतो. मी एकतीस वर्षं न्यायालयात भाषांतरकार होतो. मराठी जबान्या इंग्रजीत, इंग्रजी निकाल मराठीत. निवृत्त झालो आणि वर्ध्याजवळ नालवाडीला घरी बसलो. घरी बसलो म्हणजे बायकोच्या बोलण्यातल्या चुका काढायला लागलो. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, ‘तुम्ही एक तर काम शोधा, नाहीतर मी शोधते.’ त्याच आठवड्यात डॉ. केतकी आल्या. पुण्याची मुलगी, शहराजवळच्या एका मोठ्या रुग्णालयात मानसोपचार शिकत होती. तिला शोधप्रबंधासाठी एक इंग्रजी प्रश्नावली मराठीत करून हवी होती. विषय, पॅनिक अटॅक.

पॅनिक अटॅक म्हणजे काही कारण नसताना एकदम उसळणारी भीती. छाती धडधडते, घाम फुटतो, श्वास पुरत नाही, आता मरतो असं वाटतं. बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत सगळं ओसरतं. ईसीजी काढला तर सरळ, म्हणजे नॉर्मल. डॉक्टर म्हणतात काही झालेलं नाही, आणि माणूस म्हणतो, अहो, मी मेलो होतो!

अशा प्रश्नावलीचं भाषांतर कथेच्या भाषांतरासारखं नसतं. आधी एक जण इंग्रजीतून मराठी करतो. तो मी. मग ज्यानं मूळ इंग्रजी पाहिलेलंच नाही असा दुसरा माणूस माझ्या मराठीचं परत इंग्रजी करतो. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात. दोन्ही इंग्रजी जुळली तर ठीक. त्यानंतर पायलट, म्हणजे वीस माणसांना प्रश्न विचारून बघायचे. ते जमलं की खरा अभ्यास सुरू.

मला वाटलं, हातचा मळ आहे. भीतीला मराठीत शब्द कमी आहेत का? मी दोन दिवस शब्दकोश घेऊन बसलो आणि खरं सांगतो, मजेत बसलो. आपल्या भाषेनं भीती कानानं ऐकून लिहून घेतली आहे. धस्स, धडकी, धडधड, धसका. सगळे ध. छातीवर कान ठेवून कुणीतरी बनवल्यासारखे. धाबे दणाणणे घ्या. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. वर कुणी धावलं की खाली घर दणाणतं आणि घरातल्याचा जीव उडतो. पाचावर धारण बसणे. धारण म्हणजे धान्याचा भाव. कधीतरी दुष्काळात भाव पाचावर येऊन अडला आणि लोकांच्या तोंडचं पाणी पळालं, असं सांगतात. मी काही त्या बाजारात नव्हतो. तारांबळ तर थेट लग्नातून आली. मुहूर्त निघून चालला की भटजी ‘ताराबलं चंद्रबलं’ असं धापा टाकत म्हणत सुटतात, त्या घाईला लोकांनी तेच नाव दिलं. गर्भगळीतचा अर्थ ज्यानं त्यानं आपला काढावा. तळेगावच्या पुरुषांना तो शब्द विचारायची माझी हिंमत झाली नाही.

मी पहिल्या मसुद्यात हौसेनं ‘धाबे दणाणले का?’ असं घातलं. बॅक ट्रान्सलेशन करणाऱ्या निवृत्त मास्तरांनी इंग्रजीत लिहून पाठवलं, तुमचं छप्पर वाजलं का? डॉ. केतकी फोनवर पाच मिनिटं हसत होत्या. मी ते वाक्य काढलं आणि गुळगुळीत पुस्तकी प्रश्न लिहिला. ‘गेल्या महिन्यात आपणांस अचानक तीव्र भीती वाटली काय?’ मास्तरांचं इंग्रजी मुळाशी तंतोतंत जुळलं. सगळे खूश. तो प्रश्न घेऊन मी तळेगावला गेलो आणि वीस शून्यं घेऊन परत आलो.

डॉ. केतकींच्या गाईड मॅडम, म्हणजे प्रबंधावर ज्यांची सही लागते त्या, फार थोडं बोलत. त्यांनी वीस कागद चाळले.

‘वीस लोक, वीस झीरो. तळेगावात काय फक्त वाघ राहतात?’

‘मॅडम, लोक खरं बोलत नाहीत,’ मी म्हणालो.

‘लोक खरं बोलत नसतील तर प्रश्न चुकला. एकवीस दिवस देते.’

केबिनच्या बाहेर आल्यावर डॉ. केतकींनी विचारलं, ‘सर, आता?’ मला राग आला होता. एकतीस वर्षं माझ्या भाषांतरावर लोक सुटले आणि आत गेले, आणि ही बाई म्हणते प्रश्न चुकला! मी म्हणालो, ‘आता लोकांचेच शब्द आणतो. मग बघू कोण नाही म्हणतं.’

दुसऱ्या खेपेला मी क्लिपबोर्ड पिशवीत ठेवला. सुधाकररावांच्या दुकानासमोर लाकडी बाक आहे. तिथं शेजारचा टेलर आणि एक म्हातारे शेतकरी बसले होते. मी चहा सांगितला आणि विचारलं, दचकणं आणि धसका यात फरक काय?

‘कायचा फरक इचारून राह्यले जी!’ टेलर सरसावला. ‘मांगून कोणी हाक मारली त माणूस दचकते. सुई बोटात जाते. मंग हासते. धसक्यात हासू येते का?’

‘धसका राह्यते,’ म्हातारे म्हणाले. ‘वासराले कुत्रं लागलं त महिनाभर ते खुट्याले बिलगून राह्यते. तो धसका.’

‘आणि हबकणं?’

‘पाय तिथीच. पुढेबी नाई, मांगंबी नाई.’

‘टरकणं?’

‘ते आपलं नसते,’ टेलर म्हणाला. ‘दुसऱ्याची टरकते.’

यावर बाक हलेपर्यंत हसणं झालं. मग मीही माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, पॅनिक हा शब्द ग्रीस देशाचा. तिकडे पॅन नावाचा एक देव होता, बकऱ्याच्या पायांचा. रानात निवांत चरणाऱ्या कळपाजवळ एकदम ओरडायचा आणि कळप उधळायचा. कारण नसताना आलेली भीती, ती त्याच्या नावाची.

म्हाताऱ्यांनी कप खाली ठेवला. ‘देव असून असे धंदे? त्यापरीस त्यानं बकऱ्या चारल्या असत्या त बरं झालं असतं,’ असं म्हणून ते उठले. टेलरला गिऱ्हाईक आलं. बाकावर मी उरलो. मी वहीत चौदा शब्द लिहून घेतले होते. माणूस मात्र एकही मिळाला नव्हता. ‘तुम्हाला कधी?’ म्हटलं की दोघांनीही साळ्याकडे बोट दाखवलं होतं.

तेव्हा गल्ल्यामागून सुधाकरराव हळूच म्हणाले, ‘धसका नाई जी तो. अन् दचकणंबी नाई.’

‘कोणता?’

‘माह्या साळ्याले होते तो.’ त्यांनी बाहेर कुणी आहे का ते बघितलं. ‘मागच्या महिन्यात तो बसमधी होता. वर्ध्याले जाऊन राह्यलता. खरांगण्याच्या जराशाक अलीकडे. काही नाई झालं, काहीच नाई. खिडकीतून वावरं पाहून राह्यलता. अन् एकदम आतून कोणी तरी धरलं. हाताचे बोटं मुंग्या आल्यासारखे. तोंड कोरडं. समोरच्या सीटचा दांडा धरला त तो दांडाच दूर गेल्यासारखा. वाटे का आता मेलो. अन् लाज अशी वाटे का मरताना लोक पाह्यतीन.’

मी पिशवीतला कागद काढला नाही. लिहायला लागलो असतो तर ते थांबले असते.

‘मग?’

‘मंग उतरला खरांगण्याले. पोट दुखते म्हणे. तवापासून बसमधी पाय नाई ठेवला त्यानं. इथल्या डॉक्टरनं दोनदा ईसीजी काढला. सरळ हाये म्हणे. सरळ हाये त मंग मरून काऊन राह्यला तो?’

इतकं बारीक माझा साळा मला सांगणार नाही आणि मी कुणाला सांगणार नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच होतं की चला, एक खरा पेशंट सापडला. साळ्याचा पत्ता विचारला. सुधाकररावांनी अर्धा किलो तूरडाळ मोजायला घेतली. डाळ कुणी मागितली नव्हती.

परतीच्या बससाठी मी स्टँडवर उभा होतो तेव्हा एक मुलगी झपाझप चालत आली. सुधाकररावांची प्राजक्ता. दुकानात चहा तिनंच आणून दिला होता.

‘काका, तुम्ही दवाखान्यातले आहात ना? नर्सिंगच्या हॉस्टेलची तारीख वाढते का?’

मी सांगितलं, मी दवाखान्यातला नाही, फक्त भाषांतराचं काम करतो. तरी तिनं सगळं सांगितलं. तिला वर्ध्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता. हॉस्टेलच्या फॉर्मवर पालकानं समोर येऊन सही करायची होती. येता सोमवार सोडून त्याच्या पुढचा सोमवार शेवटचा. नाही झालं तर खोली दुसरीला, आणि तळेगावहून रोज ये-जा शक्य नाही, म्हणजे प्रवेशच गेला.

‘मागच्या महिन्यात बाबासोबत गेलती मी. खरांगण्याले उतरून गेले. पोट दुखते म्हणे. मंग तीनदा निघालो, तीनदा काही तरी काढलं. आई म्हणते, मी नेते. बाबा तिलेबी जाऊ देत नाई. मी नेईन म्हणते, अन् नेत नाई. मन फिरलं त्यायचं. सरळ सांगावं ना का पोरीले शिकवाचं नाई म्हणून!’ तिचे डोळे भरले आणि तिला त्याचाही राग आला.

माझ्या छातीत धस्स झालं. हाच शब्द, दुसरा नाही. तरी कोर्टाच्या सवयीनं मी एक प्रश्न विचारलाच. ‘तुझे मामा कुठे असतात गं?’

‘मामा? मले मामाच नाई. आई एकटीच आहे आजीले. काऊन?’

‘काही नाही,’ म्हटलं आणि बस आली म्हणून चढलो. ती चुकीची बस होती, आष्टीची. पुढच्या फाट्यावर उतरलो.

आता माझी अडचण बघा. संशोधनात कुणी सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा पहिला नियम. मी त्यावर सही केली होती. म्हणजे मुलीला सांगता येत नाही की तुझा बाप तुझ्या शिक्षणाला नाही, बसला घाबरतो. आणि बापाला सांगता येत नाही की मला कळलंय, कारण त्यानं तर साळ्याचं सांगितलं होतं. (इथं लिहितोय ते त्यांच्या परवानगीनं, नावं बदलून. त्यांची अट एकच होती, साळ्याचंही नाव छापू नका.)

डॉ. केतकींना मी नाव-गाव न सांगता एवढंच विचारलं, ‘एखाद्याच्या साळ्याला होत असेल तर?’

‘सर, साळा असो की मेहुणा, पेशंट समोर पाहिजे,’ त्या म्हणाल्या. मग थांबल्या. ‘एक मिनिट. वीसच्या वीस लोकांनी दुसऱ्याचं सांगितलं का?’

‘जवळजवळ.’

‘मग आपण दुसऱ्याचंच विचारू या ना आधी.’

मी अर्ध्या तासात प्रश्नावली पुन्हा लिहिली. वर एक नवा प्रश्न आला. ‘पुष्कळ लोकांना असं एकदम होतं. तुमच्या ओळखीत कुणाला होतं का? साळा, व्याही, शेजारी? त्याला नेमकं काय होतं ते सांगा.’ आणि मग खाली, हलक्या आवाजात, ‘असं तुमच्यासोबत कधी झालं का?’ भीती हा शब्दच काढून टाकला. एकाच दमात, प्रश्नात घालायला आणलेले माझे चौदा शब्दही गेले. दचकणं, धसका, हबकणं, सगळे. जीव तुटला, पण काढले.

मॅडमनी वाचलं. ‘हा साळा ओरिजिनलमध्ये नाही.’

‘ओरिजिनल लिहिणाऱ्याला साळा नसेल, मॅडम.’

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. ‘मार्क फक्त खालच्या प्रश्नाचे धरायचे,’ म्हणाल्या आणि सही केली. त्या हसल्या असं डॉ. केतकी म्हणतात. मला दिसलं नाही.

शनिवारी डॉ. केतकी स्वतः तळेगावला आल्या. शाळेची एक खोली मिळाली होती. नवा प्रश्न चालला. अहो, धावला! टेलर आधी व्याह्याबद्दल दहा मिनिटं बोलला, आणि मग मान खाली घालून म्हणाला, ‘मलेबी दोनदा झालतं, लिहा.’ दुपारपर्यंत अकरापैकी चार कागदांवर शून्य नव्हतं. सुधाकरराव मात्र सगळ्यात शेवटी आले आणि दारातच उभे राहिले.

‘साळ्याले आणलं होतं जी. पण तो बाहेरच बसला. आत नाई येत म्हणते.’

मी खिडकीतून बाहेर पाहिलं. पटांगणात एक बकरी होती.

मला वाटलं डॉ. केतकी आता नियम सांगतील. त्या म्हणाल्या, ‘हरकत नाही, बसू द्या. त्यांचा बीपी तुमच्या हातावर घेते.’

सुधाकररावांनी निमूट बाही वर केली.

‘त्यांचा ईसीजी आहे का?’

‘हाये. तो माह्याजवळच ठेवते,’ म्हणून त्यांनी खिशातून घडी काढली. कागदावर वर ठळक नाव होतं. डॉ. केतकींनी बोटानं ते झाकून बाकीचा कागद वाचला. छातीला नळी लावली, तीही साळ्यासाठी. मग अगदी साध्या भाषेत सांगितलं. ‘साळ्याला सांगा, हृदय चांगलं आहे. हा शरीराचा भलत्या वेळी वाजलेला भोंगा आहे. पंधरा-वीस मिनिटं वाजतो आणि बंद होतो. त्यानं माणूस मरत नाही. त्यांची चूक एकच होते, तो वाजायला लागला की ते उतरून पळतात. मग पुढच्या वेळी तो आणखी जोरात वाजतो. तर पळायचं नाही. उद्या बसनं आर्वीपर्यंत जायचं, परत यायचं. परवा पुन्हा आर्वी. मग खरांगणा. श्वास सावकाश सोडायचा, आणि बसून राहायचं. वर्ध्याला आले की ओपीडीत मला भेटायचं. गोळी लागली तर तिथं देईन.’

‘बसमधी जाणार त नाई ना तो?’ जाणं म्हणजे मरणं. सुधाकररावांचा आवाज बारीक झाला होता.

‘नाही जाणार.’

‘तुम्ही सांगून राह्यल्या म्हणून सांगतो त्याले,’ ते म्हणाले. दारातून परत वळले. ‘लय भला माणूस हाये जी तो. फक्त हे एवढं.’

पुढचा आठवडा मला रोज फोन. ‘साळा आर्वीले जाऊन आला.’ ‘त्रास झाला का?’ ‘झाला ना. एका बाईचं गाठोडं पकडून बसला. बाई म्हणे, भाऊ, अंडे हायेत त्यात.’ दोन दिवसांनी, ‘आज खरांगण्याच्या अलीकडे उतरला.’ शनिवारी, ‘आजबी अलीकडेच उतरला. सोमवारी नाई जमत वाटते त्याले.’ मी म्हटलं, ‘साळ्याला म्हणावं, सोमवारी मी तळेगावात आहे. सकाळच्या बसनं परत जाणार आहे.’ खरं तर माझं तिथलं काम संपलं होतं. तीन सह्या राहिल्या आहेत, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, ‘कुणाच्या साळ्याच्या?’

सोमवारी प्राजक्ता पेटी, गादीची वळकटी आणि फुगलेले गाल घेऊन बसमध्ये चढली. मागून सुधाकरराव, पांढरा सदरा घालून. मी दोन सीट मागे बसलो. आर्वी गेलं. पुढे सदऱ्याची पाठ भिजायला लागली ती मला मागून दिसत होती. खरांगणा जवळ आलं आणि ते ताडकन उभे राहिले.

‘कंडक्टर, उतरवून द्या.’

‘पुन्हा?’ प्राजक्ता किंचाळलीच. ‘बाबा, पुन्हा? सरळ सांगा ना, मले शिकवाचं नाई म्हणून! महिना झाला थांबून राह्यली मी!’

सगळी बस वळून बघायला लागली. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. सुधाकररावांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी मागे माझ्याकडे पाहिलं. मी दोन वाक्यांत सगळं सांगू शकलो असतो आणि मी सही केली होती की सांगणार नाही. मी एवढंच विचारलं, ‘सुधाकरराव, साळा कसा आहे?’

ते लेकीकडे वळले.

‘साळा नाई कोणी,’ ते म्हणाले. ‘मीच आहो. प्राजू, मले भेव लागते. बसमधी. मरतो असं वाटते. तुह्या शिक्षणाचं नाई गं काही. तुह्या शिक्षणासाठीच त चढलो.’

आपला बाप हे वाक्य बोलू शकतो, हेच प्राजक्ताला माहीत नव्हतं.

‘उतरता का बसता?’ कंडक्टर म्हणाला. ‘मांगं गाडी उभी हाये.’

‘बसतो,’ सुधाकरराव म्हणाले आणि दांडा धरून खाली बसले. प्राजक्तानं त्यांचं मनगट पकडलं आणि मोबाइलवर सेकंद बघत ठोके मोजायला लागली. अंगठ्यानं मोजत होती, ते चूक आहे असं मला नंतर कळलं. ‘सोडा श्वास, बाबा. हळू. आणखी हळू.’ रडतही होती. पलीकडच्या सीटवरची एक म्हातारी म्हणाली, ‘मलेबी होते बाप्पा तसं, पूल आला का.’ कंडक्टर तिकिटाची मशीन खाली करत म्हणाला, ‘माह्या साळ्यालेबी होते.’

मी इतका मोठ्यांदा हसलो की सगळी बस आता माझ्याकडे बघायला लागली. सुधाकररावसुद्धा. खरांगणा कधी मागे पडलं ते कुणी पाहिलंच नाही.

हॉस्टेलच्या ऑफिसात त्यांनी सही केली. अक्षर वेडंवाकडं आलं, पण रेघेवर आलं. तिथून प्राजक्तानं त्यांना स्वतः ओपीडीत नेऊन डॉ. केतकींसमोर बसवलं. या वेळी बीपी त्यांचाच होता. दुपारी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो तेव्हा लक्षात आलं, आता त्यांना एकट्यानं परत जायचंय. मी म्हटलं, ‘आर्वीपर्यंत येऊ का सोबत?’

‘नाई. जातो मी,’ ते म्हणाले. ‘भेव लागन. लागू द्या.’ आणि चढले.

प्रश्नावली मंजूर झाली. सध्या ती जिल्ह्यात वापरतात, वरच्या साळ्यासकट. भीतीच्या चौदा शब्दांची माझी वही घरी पडून आहे, तिचा कुणाला काही उपयोग झाला नाही. माझ्या धंद्याचा धडा एवढाच, की शब्द अचूक असला म्हणजे माणूस उत्तर देतो असं नाही. आधी त्याला दुसऱ्याच्या नावावर बोलू द्यावं, आणि ते नाव त्यानं स्वतः खोडेपर्यंत भाषांतरकारानं गप्प बसावं. हे दुसरं मला अजून नीट जमत नाही.